लांब मानेचा संत

ताणल्यासारखी लांबच लांब माणसं रंगवणारा तो थोर चित्रकार जन्मला कुठे, यावरून आमच्या बेटावरच्या दोन गावांत पिढीजात भांडण. अथेन्सहून आलेल्या प्राध्यापकांनी आमच्या चर्चची भिंत खरवडली, तर चुन्याच्या थरांखालून हातभर लांब मानेचा एक संत निघाला. "त्याच्याच हातचा! तो तुमच्याच गावचा, आता पुरावा मिळाला!" म्हणत ते सरपंचांना बोलवायला धावले.

मी भक्तिभावानं क्रूसाची खूण केली. कालिरोईमावशीनं मात्र कपाळावर हात मारला. "अगं एव्दोकिया, हाच तो मेला! पूर्वी गावातल्या कुणा कार्ट्यानं मान ताणून संताची अशी दशा केली, म्हणून तर आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या दर ईस्टरआधी त्याच्यावर चुना फासतात. नवसच आहे तो!"


प्राध्यापक गाव गोळा करून परतले, तोवर यंदाचा चुना देऊन, हात धुऊन, आम्ही दोघी प्रार्थनेला उभ्या होतो.