भिंतीवरचा महिला मेळावा

देवानंदचं पोट पुसलं जात होतं, आणि तेही त्याच्या डोळ्यांदेखत.

"गोदे, काय चाललंय?"

"जागा करते, भाऊ," गोदीनं ओलं फडकं पुन्हा फिरवलं. "भागीला बसवायचीय."

गेल्या महिन्यात गावात महिला मेळावा झाला. त्याचं चित्र सभागृहाच्या भिंतीवर हवं, असं पंचायतीनं ठरवलं. सरपंच जयश्री, देवानंद तिचा नवरा, म्हणून कारभार त्याचा. त्यानं चित्र काढणाऱ्या गोदीला बजावलं होतं: मधोमध मी, माईकसमोर, दारापेक्षा उंच. बायका खाली, मावतील तेवढ्या. गेरूच्या भिंतीवर गोदीनं पांढऱ्या रंगात अगदी तसंच वारली चित्र काढलं होतं.

मग सकाळी बायका बघायला आल्या.

"आख्खा मेळावा उन्हात बसली मी," भागी म्हणाली. "आणि चित्रात हाच?"

भागी देवानंदच्या पोटात बसली. काळीला त्याचा खांदा मिळाला. नीताच्या कडेवर पोर, म्हणून तिला दोन्ही पाय लागले. हिराबाईनं माईक घेतला. देवानंदचं भाषण कोणीच ऐकलं नव्हतं, त्यामुळे तक्रार आली नाही.

दुपारी देवानंदचं नुसतं डोकं उरलं. गर्दीवर ते चंद्रासारखं लटकत होतं.

"एवढं तरी राहू दे गं," तो रडकुंडीला आला. "आता पंचायत समितीच्या मॅडम येतील अनावरणाला. तालुक्यात तोंड दाखवायचंय मला."

"तोंड कुठंय त्याला? नुसता गोल हाय," गोदी म्हणाली.

तेवढ्यात नवं लुगडं नेसून जयश्री आली. तिनं भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली.

"मी कुठंय?"

सगळ्यांनी एकदम चंद्राकडे बघितलं. गोदीनं फडकं पिळलं.

जव्हारहून मॅडमची गाडी आली, तेव्हा देवानंदचं ठरलं होतं. सगळं सांगायचं, भिंतीला चुना मारायला लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून, दारापेक्षा उंच.

पडदा सरकला. मॅडम भिंतीजवळ जाऊन एकेक बाई निरखू लागल्या. देवानंद मनातल्या मनात तक्रार घोळवत राहिला.

"किती महिला मेळावे पाहिले मी," मॅडम शेवटी म्हणाल्या. "सगळीकडे मंचावर पुरुषच. इथं औषधालासुद्धा एक नाही! जिल्ह्यात दाखवते हे. कोणाची कल्पना?"

जयश्रीनं तोंड उघडलं. पण तोवर देवानंद पुढे झाला होता.

"माझीच, मॅडम."