ओली सही

सहा वर्षांपूर्वी ताई गेली, तेव्हा धाकट्या भावाने तिने काढलेल्या तळहाताएवढ्या चित्रावरची तिची सही खरवडून तिथे आपली केली. आज ते चित्र लिलावात होतं.

"चित्रकार आपल्यातच बसलेत!" बोली पुकारणारा म्हणाला. टाळ्या पडल्या. भावाला मान वर करवेना.

चित्र घेऊन फिरणारी बाई त्याच्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "सर, सही ओली कशी? माझा हातमोजा माखला."

त्याने पाहिलं. त्याचं नाव पुसलं गेलं होतं. तिथे ताईच्या वळणाचं एक अक्षर उमटलं होतं आणि दुसरं त्याच्या डोळ्यांदेखत सावकाश उमटत होतं.

"ताई, इथे नको गं," तो पुटपुटला. "सगळे बघताहेत."

ताईने त्याचा शब्द कधी मोडला नव्हता. अक्षर अर्ध्यावरच थांबलं.