लूप ३१२

टेक ४

"पुन्हा उशीर, राणीसाहेब." काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणारा शैलेश म्हणाला. "ओठ आधी हलले, आवाज मागून आला."

"चुकलं रे. मागून घे."

"मागून म्हंजे कुठून?"

"किरूच्या ओळीपासून."

राणीला आवाज देणाऱ्या आशालताबाईंनी हेडफोन सारखा केला. पडद्यावर बर्फाच्या किल्ल्याचं दार होतं. बाहेर किरू, दहा वर्षांचा, हातात मोडकी तलवार. व्हिडिओ गेमवरून काढलेली जपानी मालिका. गेममध्ये राणी दोन मिनिटांत मरते म्हणे. इथं तिला चोवीस भाग जगायचं होतं. किरूचं मूळ नाव मोरी. मराठीत ते कसं चालायचं? डबिंग बघणाऱ्या चारुतानं पहिल्याच दिवशी बदललं.

कानात किरू बोलला, "आई, मी आलोय. दार उघड."

राणीचं उत्तर दोनच शब्दांचं : "उघडंच आहे."

आशालताबाई अर्धा क्षण थांबल्या. मग बोलल्या.

"गेला," शैलेश म्हणाला.

टेक ५

झाला नाही. खाली गिरणी सुरू झाली. विचुंबे गावातल्या ज्या नव्या इमारतीत स्टुडिओ होता, तिच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी होती, आणि भिंतींना कितीही स्पंज चिकटवला तरी कोणाचं तरी दळण राणीच्या महालात शिरायचंच.

चारुता कोमट पाण्याची बाटली घेऊन आत आली. तिचे डोळे तांबारले होते.

"बाई, परवा नऊ टेक, काल तेरा. वरून विचारतायत. दुसऱ्या सीझनला राणी म्हणून सुनंदाताईंना घ्या म्हणतायत. आज हा एक लूप, एवढा तुकडा, सरळ द्या. मग मी भांडते तुमच्यासाठी."

आशालताबाईंनी मान हलवली. कधीकाळी त्यांच्याकडे तीन मालिकांमधल्या सासवा होत्या. आता एवढी एक राणी उरली होती.

"किरू कोण करणार पुढे?"

"स्वानंद. किरू मोठा होतो ना, आवाज फुटतो त्याचा. आत्ताच्या किरूचं आज सकाळीच संपलं."

"संपलं, पण माझा जीव घेऊन," शैलेश माइकवर म्हणाला. "जुन्या भागांतल्या चुका नीट करायला बसला, तर दर टायमाला एकच मागणं : राणीची ओळ आधीपासून ऐकव. अरे, ती ओळ तुला बोलायची नाय! आज दोघांनी ठरवून आलाव का?"

चारुता हसली. आशालताबाई पाणी प्यायल्या.

दोघांनी ठरवणं शक्यच नव्हतं. इथं कोणी कोणाला भेटत नसे. एकेक जण आपल्या वेळेला यायचा, दुसऱ्याचा आवाज कानात घेऊन एकटा उभा राहायचा, आपल्या ओळी टाकून जायचा. हाकाही पात्रांच्या नावानंच. किरूची वेळ सकाळची. राणीची दुपारची.

"घरी आराम मिळतो ना?" चारुतानं विचारलं. "कोण असतं?"

"मी आणि कुलूप."

"मुलगी होती ना तुम्हाला?"

"लग्न करून उरणला गेली. सहा वर्षं झाली."

"येते का?"

"येऊ नकोस म्हटलं होतं मी."

गिरणी थांबली.

टेक ९

(सहा, सात, आठ पुसले. तिन्ही वेळा उशीर, तिन्ही वेळा तेवढाच.)

"आई, मी आलोय. दार उघड."

पुन्हा तोच अर्धा क्षण.

"उघडंच आहे."

काचेपलीकडे चारुतानं कपाळ धरलं. मग फोन उचलला, काहीतरी टाइप केलं आणि बटण दाबून म्हणाली, "राहू द्या, बाई. शैलेश, चौथा घे, मशीनवर सरकवून बसव."

"बसंल का?"

"बसव."

"दमलीस तू," आशालताबाई म्हणाल्या. "एक शेवटचा घेऊ?"

"कशाला आता?"

"घे ना."

टेक १०

"आई, मी आलोय. दार उघड."

"उघडंच आहे."

राणीचे ओठ आणि शब्द एकदमच हलले. श्वाससुद्धा जागेवर पडला.

"आयला!" शैलेश खुर्चीतून उठला. "हाच तर पायजे होता! मग आधी का नाय दिलात?"

आशालताबाई हेडफोनची वायर गुंडाळत राहिल्या.

"बाई," चारुता हळू आवाजात म्हणाली, "मी मघाशीच कळवलं वर. सुनंदाताईंचं."

"बरं केलंस. आवाज चांगला आहे तिचा."

नामावली

निघताना चारुतानं कागद पुढे केला. शेवटी पडद्यावर येणारी नावं तपासायची होती. राणी : आशालता कर्णिक. बरोबर. त्याखाली किरू : रेवा. पुढे कोरं.

"हिचं एक वेगळंच," चारुता वैतागून म्हणाली. "आडनाव काय टाकू विचारलं, तर म्हणते, माहेरचं लावायची सोय नाही, सासरचं लावलं तर कोणाला तरी टोचेल. कोरंच ठेवा. असं कोरं कसं ठेवू मी?"

आशालताबाईंनी पेन घेतलं. रेवाच्या पुढे कर्णिक लिहिलं. हात थांबला. मग त्याच्यापुढे नाखवा लिहिलं.

चारुता कागदाकडे बघत राहिली. "तुम्ही ओळखता तिला?"

"बारसं मी केलंय तिचं."