हिरवं पाणी

शेवटचा सांधा पिळून त्याने हात पुसले आणि समोरच्या, कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाकडे पाहिलं. कार्डाचे पंखे काढून खोक्यात गेले होते. त्यांच्या जागी आता तांब्याचा एक ठोकळा होता, ठोकळ्यातून दोन नळ्या निघाल्या होत्या, आणि त्या नळ्यांतून पाणी फिरणार होतं. विजेच्या वस्तूत पाणी, तेही स्वतःच्या हाताने, आयुष्यात पहिल्यांदा.

"खोललंस तर छान," वडील दारातून म्हणाले. "आता जोडता येईल ना?"

"बाबा, प्लीज."

"विचारलं आपलं."

ते दारातच उभे राहिले. आई गेल्यापासून ते या खोलीत पाऊल टाकत नसत. आईचा पलंग देऊन टाकला होता आणि तिथे त्याचं टेबल आलं होतं. जागा त्याने प्लग पाहून निवडली होती. आईच्या, बाटलीतल्या पाण्यात रात्रंदिवस बुडबुडे सोडणाऱ्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी तो मुद्दाम बसवून घेतलेला होता, चांगला दणकट.

हा उपद्व्याप हौसेचा नव्हता. तो अ‍ॅनिमेशनची कामं घरी करायचा, आणि ऐन कामात कार्ड तापून कॉम्प्युटर मान टाकायचा. शुक्रवारी एक जाहिरातपट द्यायचा होता. नाही दिला तर त्या कंपनीचं पुढचं सगळं काम दुसऱ्याच्या घशात जाणार होतं.

त्याने नळ्यांना जोडलेल्या छोट्या टाकीत हिरवं पाणी ओतलं, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर अंथरला आणि नुसता पंप सुरू केला. कार्डाला वीज एवढ्यात द्यायची नव्हती. दिवसभर पाणी फिरवायचं, कागद कोरडे राहिले तरच पुढे. टाकीत बुडबुडे उठले. गुडगुड, गुडगुड.

"हा कसला आवाज?" वडिलांनी विचारलं.

"नळ्यांत हवा अडकलीय. उद्यापर्यंत निघून जाईल. मग अगदी चिडीचूप."

"आणि गळलं तर?"

"तर सगळं पाणी काढायचं, सांधे खोलायचे, परत भरायचं. परत दिवसभर हीच गुडगुड. पण तुम्ही जरा चांगलं बोला ना!"

 वडील बराच वेळ टाकीकडे पाहत राहिले.

दिवसा तो एका मित्राच्या स्टुडिओत, उसन्या कॉम्प्युटरवर जमेल तेवढं काम उरकत होता. तिथे त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उठत होता, बसत होता, चहा गार करत होता. संध्याकाळी धावतपळत घरी आला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कार्डाखालचा कागद ओला होता.

त्याने टाकी रिकामी केली. सांधा खोलला, आतली रबरी चकती बदलली, पुन्हा पिळला, पुन्हा पाणी भरलं. पुन्हा गुडगुड.

"गळलं का?" बाहेरून वडिलांचा आवाज आला.

"गळलं."

"होतं असं. घाई करू नकोस."

दुसऱ्या संध्याकाळी तोच कागद, तीच जागा, तसाच ओला. आता त्याला स्वतःचीच चीड आली. चार व्हिडिओ पाहून आपण स्वतःला कारागीर समजायला लागलो, असं वाटून त्याने पाना आपटला, आणि पुन्हा सगळं खोलून भरलं. जेवताना तो भात नुसता चिवडत होता. वडील मात्र टवटवीत दिसत होते. दाढी केली होती. आई गेल्यापासून ते धड झोपत नसत, सारख्या येरझाऱ्या चालायच्या. आज मात्र भाजी परत वाढून घेत होते.

"तुमचं बरं आहे," तो फणकारला. "इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

"शुक्रवारनंतर दिलं तर नाही का चालणार?"

"नाही चालणार, बाबा!"

वडिलांनी मान खाली घातली आणि ताट उचलून आत गेले.

गुरुवारी दुपारी त्याने स्टुडिओतून सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन लावला. आदल्या रात्री काढलेला कागदाचा फोटोही पाठवला. 

"साहेब, तुम्ही पाणी कोणतं भरलंय?"

"हिरवं. तुमच्याकडूनच तर नेलं."

"मग डाग बिनरंगाचा कसा? ते गळलं असतं तर कागद पोपटी झाला असता. हे साधं पाणी आहे. वरून कुणीतरी टाकलंय."

फोन ठेवला तेव्हा त्याचे कान तापले होते. घरात दोघांशिवाय होतं कोण? पलंगाच्या जागी टेबल आलेलं वडिलांना पाहवत नव्हतं तर. मग तोंडाने सांगायचं! पोराच्या कामाची अशी माती करायची? वाटभर तो मनातल्या मनात भांडत आला.

घरात शिरला तर बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याने ते ढकललं.

वडील टेबलाशी खुर्ची ओढून बसले होते. शेजारी पाण्याचा पेला. एका हाताची बोटं अजून ओली. कार्डाखालच्या कागदावर ताजा, बिनरंगाचा डाग. टाकीत गुडगुड चालली होती, आणि वडील मान टाकून गाढ झोपले होते.

त्याचं डोकं फिरलं. झोपा काढतात वर! त्याने वाकून प्लगचं बटण खाडकन बंद केलं. आवाज थांबला.

वडील दचकून उठले. डोळे धड उघडलेही नव्हते. टेबलाच्या कडेवर, जिथे पूर्वी पलंग होता तिथे, ते घाबऱ्याघाबऱ्या चाचपू लागले.

"अरे, मशीन का बंद केलंस? चालू कर, चालू कर लवकर! तुझ्या आईला धाप लागेल."