सहिष्णुतेची टोपी

मानवी हक्कांच्या तासाला पोरं डोक्यावर यंत्राची टोपी चढवायची आणि त्यात साठवलेला वर्गातल्या विशाखाचा अपमान स्वतः भोगून रडायची. तो अपमान यंत्रात भरायला तिला दर वर्षी वाढदिवसाची चॉकलेटं वाटायला लावत, आणि तिच्या हातचं कुणी घ्यायचं नाही असं आधीच ठरलेलं असे. यंदा मात्र टोपी घालून कुणीच रडलं नाही.

"तुला सवय झालीय गं," घुगे सर वैतागले. "धाकटी बहीण पहिलीत आलीय ना तुझी?"

विशाखा घाईनं पुढे सरली. "तिला नको, सर. मलाच बोला. जातीवरून बोला, लागेल मला."

सर तोंडाला येईल ते बोलले. अपमान मोजणारा काटा जागचा हलला नाही.

"धाकटीला पाठव," सर म्हणाले. "आणि तिला आधी काही सांगू नकोस. समाज सुधारायचाय आपल्याला."