नाव न विचारणारी संस्था

रोज संध्याकाळी नवरा तिचा फोन चाळायचा. "काळजीपोटी गं!" मग बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून कुठल्याशा संस्थेचं काम फुकटात करत बसायचा. कसलं काम, हे विचारायची सोय नव्हती.

आज तिने धीर केला. ओट्याशी उभं राहून, जावेने गुपचूप दिलेल्या जुन्या फोनवरून, इंटरनेटवर सगळ्यांना कुणाच्या पाळतीविना मोकळा श्वास मिळावा म्हणून झटणाऱ्या एका संस्थेला लिहिलं, "नवरा माझं सगळं वाचतो. सुटायचंय."

लगेच उत्तर आलं, "घाबरू नका, ताई. इथे कुणी नावही विचारत नाही. त्याला पत्ता लागू न देता तुमचा फोन मोकळा करू."

तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अगं, चहा टाक! एक बाई अडकलीये, तिला सोडवतोय. काय एकेक नवरे असतात!"