दहाव्याचा शब्द

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड मांडून दोन तास झाले, तरी कावळा शिवेना. कावळे समोरच्या पिंपळावर बसून नुसते बघत होते.

“हेरंब, आईचा जीव कशात तरी अडकलाय. तिला शब्द दे,” शकूमावशी म्हणाली.

हेरंबने हात जोडले. “आई, घर विकणार नाही.” कावळे ढिम्म. “तुझं श्राद्ध कधी चुकवणार नाही.” एकही हलला नाही. त्याला दरदरून घाम फुटला. आईला काय हवं होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. लेकाला वेळ कुठला? सहा वर्षं रोज संध्याकाळी त्याच्या कानामागची एआयची बोलकी चकतीच त्याच्या आवाजात आईशी फोनवर बोलायची. आईला वाटायचं, हेरंबच बोलतोय.

शेवटी त्याने तोंडावर उपरणं धरलं आणि तो चकतीला कळवळून म्हणाला, “तूच बोल गं बाई!”

“आई,” उपरण्याआडून त्याचाच आवाज घाटावर उमटला, “मन्याला मी अंतर देणार नाही.”

कावळा झपकन उतरला आणि पिंडाला शिवला.

“बोललास रे बाबा!” मावशीने डोळ्यांना पदर लावला.

उपरणं तोंडावरून न काढताच हेरंबने चकतीला विचारलं, “मन्या कोण?”